‘फाइलसारखी कॉपी होते’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

ऑडिओ सीडी अचूक रिप करणाऱ्या, म्हणजे तिच्यावरची गाणी संगणकावर उतरवून घेणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर मी लिहिलेल्या लेखावर आपण लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. दोन दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता. आपण लिहिता, ‘डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. सीडीवरची गाणी फाइलसारखी कॉपी होतात. त्यासाठी एवढं अवडंबर म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग.’ मतभेद असू द्या, त्याचं काही नाही. पण ‘रिकामटेकड्यांचा’ हा शब्द कशाला? मी नोकरी करून, घरचं सगळं आटोपून रात्री हे काम करतो. माझ्या वेळेचा हिशेब आपण कशावरून मांडलात?

आपली एक दुरुस्ती मात्र मान्य. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे रिप करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मुक्तस्रोत नाही, म्हणजे त्याचा कोड खुला नाही. मी ते व्हिपर आणि सीडीपॅरानोइया या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या रांगेत बसवलं होतं. लेखात बदल केला आहे, आभार.

आता ते ‘फाइलसारखी’. अहो, ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. विंडोजमध्ये सीडी उघडली की सीडीए नावाच्या ज्या फाइली दिसतात, त्या प्रत्येकी ४४ बाइटांच्या असतात. त्या ओढून डेस्कटॉपवर टाका, सीडी बाहेर काढा आणि वाजवून बघा. हे आपण एकदा तरी करून पाहिलं असतं, तर ते वाक्य लिहिलंच नसतं.

डेटा सीडीच्या एका सेक्टरमधल्या, म्हणजे सीडीवरच्या एका ठरावीक कप्प्यातल्या २३५२ बाइटांपैकी २०४८ बाइट माहितीसाठी असतात. उरलेल्यांत सेक्टरचा पत्ता आणि चुका पकडण्याची, दुरुस्त करण्याची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाला दिलेले. म्हणजे ते वरचं कवच इथे नाही. खाली सीआयआरसी या प्रत्येक सीडीत असणाऱ्या चूक-दुरुस्ती पद्धतीचा आधार आहे, पण चरा सुमारे अडीच मिलिमीटरच्या पुढे गेला की तीही हात टेकते. मग अनेक ड्राइव्ह शेजारच्या सँपलवरून (सँपल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) अंदाजाने जागा भरतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

शिवाय आवाजाच्या सेक्टरमध्ये स्वतःचा पत्ता नसल्यामुळे ड्राइव्ह सांगितलेल्या जागी नेमका उतरेल याची खात्री नसते. क्रिस्टोफर माँटगोमेरी यांनी सीडीपॅरानोइया लिहिलं ते यासाठीच. ते एकमेकांवर चढणारे तुकडे वाचतं आणि त्यांच्या कडा जुळवून मगच पुढे सरकतं. त्यात ड्राइव्हच्या प्रत्येक मॉडेलचा ऑफसेट, म्हणजे वाचताना ठरलेल्या जागेपासून पुढे-मागे सरकण्याचं माप, वेगळं. कुणी ६ सँपलनी चुकतो, कुणी ६६७ सँपलनी. तो आकडा सॉफ्टवेअरला दिला नाही, तर दोन घरांतल्या एकाच सीडीच्या फाइली जुळणार नाहीत. शून्य आणि एक तेच, पण सरकलेले.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. २००६ साली वडिलांच्या नाट्यसंगीताच्या ६२ सीडी मी दिवाळीच्या सुट्टीत घाईघाईने रिप केल्या. तेव्हा मीही आपल्यासारखंच म्हणत होतो, कॉपी ती कॉपी. घरात जागा नाही म्हणून मूळ सीडी नातेवाइकांत वाटून टाकल्या. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचं आवडतं पद लावलं. आलाप वर चढतो तिथेच ‘टक्’. परत लावलं, परत तिथेच. नंतर एकेक करत सात सीडींत तसंच निघालं. मूळ प्रती मागायला गेलो तर त्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. तेव्हा शून्य आणि एक मला शिकवू नका.

आपण असंही विचारलंत की बऱ्याच मराठी सीडी ॲक्युरेटरिपच्या डेटाबेसमध्ये (इतरांनी केलेल्या रिपशी आपली रिप ताडून पाहण्याच्या यादीत) सापडत नाहीत आणि एकाच ड्राइव्हने दोनदा वाचलं तर तीच चूक दोनदा येऊ शकते, मग अचूक कशावरून म्हणायचं. व्हिपर प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून चेकसम, म्हणजे त्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवतो. मला तेवढं पुरतं. आपण काढलेल्या स्ट्रीमिंगच्या (इंटरनेटवरून थेट गाणी ऐकण्याच्या) मुद्द्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, आणि ‘आता सीडी ड्राइव्ह मिळतात कुठे’ या आपल्या प्रश्नाचं उत्तर बाजारात जाऊन मिळेल.

एक विचारायचं होतं. आपणच लिहिलं आहे की माळ्यावर जुन्या सीडींचं खोकं पडून आहे. त्यात नाट्यसंगीत असेल तर कृपा करून टाकू नका. मला कळवा. पाठवण्याचा आणि परत करण्याचा खर्च मी करेन, आणि सीडी जशीच्या तशी आपल्या घरी येईल.