ताऱ्यांची अंतरे हा निव्वळ अंदाज नव्हे

‘ताऱ्यांवर कोणी गेलेच नाही, म्हणजे त्यांची अंतरे हा फक्त अंदाज,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे, सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर पोहोचते. तिथून जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो. हाच पराशय. या सरकण्याचा कोन मोजला की अंतर साध्या त्रिकोणमितीने निघते. कोन मात्र अतिसूक्ष्म: सूर्यानंतर सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचाही पराशय अंशाच्या ३६००व्या भागाहून कमी! तरीही १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या ‘६१ सिग्नी’ या ताऱ्याचे अंतर सुमारे १०.३ प्रकाशवर्षे (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर) काढले, हे खरोखर थक्क करणारे आहे. आजचे मोजमाप ११.४ आहे. दूरच्या दीर्घिकांना (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांना) ही पद्धत पुरत नाही, हे खरे. पण तिथल्या पद्धतींची मापेही पराशयाच्याच आधारे पक्की केली जातात.