ब्रास नावाचा बहुरूपी

घराचं बांधकाम काढलं की सिमेंटच्या भावाआधी मला धडकी भरते ती मिस्त्रीच्या मापांची. "प्लास्टर दहा ब्रास हाय, वाळू अर्धा ब्रास लागंल." वाक्य एक, ब्रास दोन, आणि दोघांचं एकमेकांशी नातं काही नाही. प्लास्टरचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. मिस्त्रीचा यात कधी घोळ होत नाही. घोळ होतो तो वही-पेन घेऊन बसलेल्या शिकल्यासवरलेल्यांचा.

माझ्या मते यावर उतारा एकच, फ्रिंक. 'जावा' या संगणक-प्रणालीवर चालणारी ही प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे लग्नातली मानपान सांभाळणारी आत्या आहे. कोण कुणाकडचं, हे ती शेवटच्या पंगतीपर्यंत विसरत नाही. आकड्यामागे एकक लिहायचं, हवं ते उत्तर -> या बाणापुढे मागायचं, आणि आपली गावठी मापं := या खुणेने शिकवायची. (खाली वाचायला सोपं म्हणून देवनागरीत दिलंय, टाइप मात्र रोमन लिपीतच करा.)

चौब्रास := 100 फूट^2
घनब्रास := 100 फूट^3
10 चौब्रास 12 मिमी -> घनब्रास

उत्तर येतं 0.3937. म्हणजे दहा ब्रास भिंतीला 12 मिमी जाडीचा ओला माल जेमतेम 0.4 ब्रास. यात 'मिमी' लिहायचं राहिलं, नुसतं 12 लिहिलं, तर कॅल्क्युलेटर बिनदिक्कत आकडा फेकतो. फ्रिंक मात्र अडून बसते: डावीकडे क्षेत्रफळ आहे, उजवीकडे आकारमान, जमणार नाही. वर तुमच्या हिशेबात लांबी कमी पडतेय, हेही सुचवते. असा स्पष्टवक्तेपणा साइटवर दुसऱ्या कुणाकडे नसतो.

पण तिचं भांडण फक्त मापाच्या जातीवरून, म्हणजे लांबी, क्षेत्रफळ की आकारमान एवढ्यावरूनच. सळईचंच घ्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून फ्रिंक 'चार सुती'ला इमानेइतबारे 12.7 मिमी म्हणते. दुकानात चार सुती मागितली की मिळते 12 मिमी. लोखंडाची घनता 7850 किलो प्रति घनमीटर धरली, तर 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो भरते आणि 12.7 ची 0.99. टनामागे एकशेवीस किलोच्या आसपास फरक! फ्रिंक यावर चकार शब्द काढत नाही, कारण दोन्ही लांब्याच.

वाळूत तर याहून मोठी मेख. दमट वाळू फुगते, पाचेक टक्के ओलाव्याला बारीक वाळू 25-30 टक्क्यांपर्यंतही. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची गुणून शंभराने भागलं की पावतीवर दोन ब्रास भरतात, पण त्यात पोकळीही विकत घेतलेली असते. तपासणी सोपी आहे: उभ्या मोजपात्रात वाळू न दाबता 200 च्या खुणेपर्यंत भरा, पाण्यात बुडवून ढवळा, बसू द्या. ती 160 वर आली, तर 40 भागिले 160, म्हणजे फुगवटा 25 टक्के. मागवायच्या वाळूला 1.25 ने गुणा. या 1.25 ला एककच नसतं. ते गाळलंत, तर फ्रिंकही ओरडत नाही आणि ट्रकवाला तर नाहीच नाही.