सर, ह्यो ठिपका रेषेवर बसंना, खोडू काय?

नाही! खोडायचा नाही! दरवर्षी, दर तुकडीत, आलेख कागद हातात पडला की पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. राग पोरांवर नाही. मोजलेला आकडा खोडायची सवय ज्यांनी त्यांच्या हाताला लावली, त्यांच्यावर आहे.

कोल्हापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो मी. दहावीच्या उष्णतेच्या धड्यात बर्फ तापवायचा प्रयोग आहे. चंचुपात्रात बर्फ, खाली दिवा, आत तापमापी. दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि तापमान-काल आलेख काढायचा. पुस्तकातल्या आलेखाला तीन तुकडे: आधी शून्यावर आडवा, मग चढता, मग १०० वर पुन्हा आडवा. तो आदर्श आलेख आहे, कल्पना समजावी म्हणून काढलेला, आणि तो पुस्तकात असायलाच हवा. पण पोरं दिवा पेटायच्या आधीच तो आलेख वहीत उतरवून मोकळी होतात. आधी रेषा, मग रेषेवर ठिपके, आणि ठिपक्यांवरून निरीक्षण तक्ता! सगळा प्रयोग शेपटीकडून तोंडाकडे. तापमापीकडे बघायची कुणाला गरजच उरत नाही.

आणि जे खरंच मोजतात, त्यांचं काय होतं ते ऐका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आणि ढोबळमानानं दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक १ अंशानं उतरतो. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० ला नाही. एका मुलीनं तेच लिहिलं. शेवटचे चार ठिपके ९८ वर, नीट आडवे, टोकदार पेन्सिलीनं काढलेले. वह्या तपासायला बसलेल्या गुरुजींनी लाल पेनानं ९८ वर काट मारली, शेजारी १०० लिहिलं आणि गुण कापला. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "सर, मी बघितलं हुतं ओ. अठ्ठ्याण्णवच हुतं." तिचं बरोबर होतं! आपलं गाव किती उंचावर आहे हे त्या चार ठिपक्यांत दिसत होतं, आणि आपण तिला शिकवलं काय, तर डोळ्यांनी दिसलं ते खोटं आणि छापलेलं ते खरं. विज्ञानाच्या तासाला!

बर्फाचीही तीच गत. बर्फ वर तरंगतो, दिवा खाली, तापमापीचा फुगा तळाशी. ढवळलं नाही तर पात्रात बर्फ शिल्लक असतानाही पारा दोन-तीन अंशांवर चढतो. तो शून्याच्या वर गेलेला ठिपका पोराला सांगत असतो की बाबा, ढवळ. पोरगं तो खोडतं आणि शून्यावर काढतं. पुढं नव्वदीनंतर चढती रेषा वाकायला लागते, कारण पाणी जितकं तापेल तितकी जास्त उष्णता हवेत निघून जाते. तोही वाक पट्टी लावून सरळ केला जातो. एका आलेखात शिकण्यासारख्या तीन जागा होत्या. तिन्हींवर खोडरबर फिरला.

ही सवय कुठून येते तेही मला माहीत आहे. गणिताच्या तासाला दोन चलांतील रेषीय समीकरणं असतात. x + y = ५ काढा. (०, ५), (१, ४), (२, ३), ठिपके एका ओळीत बसलेच पाहिजेत. एखादा बाहेर गेला तर आकडेमोड चुकली, खोड आणि परत काढ. तिथं हे शंभर टक्के बरोबर आहे, कारण ते ठिपके समीकरणातून आलेले असतात. पुढच्या तासाला तोच कागद घेऊन तीच पोरं विज्ञानाला बसतात. इथले ठिपके तापमापीतून, अमीटरमधून, स्टॉपवॉचवरच्या अंगठ्यातून येतात आणि ते थोडे इकडंतिकडं पडणारच, हे त्यांना सांगायला मधे कुणी नसतं. ओहमच्या नियमाचा आलेख काढताना मी पारदर्शक पट्टी देतो आणि सांगतो, सगळ्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाईल अशी एकच रेषा ओढ, काही वर राहूदेत, काही खाली. अर्धा वर्ग ठिपक्याला ठिपका जोडून करवतीचे दात काढतो. उरलेला अर्धा ठिपकेच हलवतो.

गुण कशाला मिळतात ते बघा. उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नाही, गुण गेला. अक्षांना बाण नाहीत, गुण गेला. आकडे बनावट असतील तर? काहीच जात नाही. दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिक आणि वहीचे असतात, आणि ती वही बाजारात उत्तरांसकट तयार मिळते. निरीक्षणं छापलेली, आलेख छापलेला, पोरानं नुसतं गिरवायचं. प्रमाण का निवडायचं, कसं निवडायचं, याच्याशी देणंघेणं नाही. १ सेमीला ३ एकक घेतले की ७ कुठं मांडायचा म्हणून पोरगं अडकतं. १ सेमी = १ एकक असं पाठ केलेलं असतं, मग ९८ अंश कागदाच्या बाहेर जातात.

आणि हे सगळं कुठल्या गावात चाललंय? ज्या गावात जुलै लागला की लहान पोर सुद्धा विचारतं, "पाणी किती फूट झालं?" पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं पाढ्यासारखं पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरांनी बघितली आहे. सुतारवाड्यातली, चिखली-आंबेवाडीतली माणसं सामान कधी उचलायचं ते या आकड्यांवर ठरवतात. यापेक्षा चांगला आलेखाचा धडा कुठं मिळणार? म्हणून मी तोच देतो.

समजा सकाळी ७ ला ३५ फूट, ११ ला ३६, दुपारी १२ ला ३६ फूट ३ इंच, संध्याकाळी ६ ला ३७ फूट ९ इंच. मांडा. बहुतेक पोरं चारही वेळा सारख्या अंतरावर मांडतात! ७ ते ११ चार तास, ११ ते १२ एक तास, १२ ते ६ सहा तास, आणि कागदावर सगळं सारखंच. मग आलेख सांगतो की दुपारी पाणी थबकलं आणि नंतर एकदम उसळलं. साफ खोटं. वेळेचा अक्ष नीट मांडला तर एकच सरळ रेषा येते, तासाला ३ इंच. पट्टी तशीच पुढं नेली की दिसतं, वेग हाच राहिला तर रात्री ११ ला ३९ फूट. आलेख यासाठी असतो! वर ९ इंच म्हणजे ३७.९ फूट नव्हे, ३७.७५, हे वेगळंच भांडण. आणि एवढं सगळं फळ्यावर झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हे पेपरला येतंय का?"

येत नाही रे बाळा. म्हणून तर कुणी शिकवत नाही.

तर सहकारी मंडळींनो, यंदा माझ्या वर्गाच्या वह्यांत छापील आकडे दिसणार नाहीत. ९६ दिसेल, ९७ दिसेल, ९८ दिसेल, रेषेपासून लांब पडलेला एखादा ठिपका दिसेल आणि त्याच्याशेजारी पोरानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कारण असेल. ते कारण वाचा. पटलं नाही तर लाल पेन उचलायच्या आधी प्रयोगशाळेत या. दिवा, चंचुपात्र, तापमापी सगळं मांडून ठेवतो. पाणी उकळेपर्यंत उभं राहा, पारा स्वतः वाचा, आणि मग त्या पोरीच्या वहीवर १०० लिहून दाखवा.