डोळे आले नव्हते हो!

आज पहाटे पावणेचारला 'वुदरिंग हाइट्स' ही इंग्रजी कादंबरी संपवली आणि सकाळी ऑफिसात माझा कीबोर्ड सॅनिटायझरने पुसला गेला. माझ्यादेखत.

डोळे लाल होते, मान्य. सुजलेही होते. पण रडून-जागून सुजलेले डोळे वेगळे आणि आलेले डोळे वेगळे. अकाउंट्सच्या काकांना हा फरक मंजूर नव्हता. त्यांनी चेहऱ्यासमोर फाइल धरली आणि तिच्याआडूनच चौकशी सुरू केली.

"कधीपासून, मॅडम?"

"आले नाहीयेत हो. कादंबरी वाचत होते."

"परीक्षा आहे कसली?"

इथेच गप्प बसायला हवं होतं. पण झोप झाली नसली की मला खुलासे करायची खुमखुमी येते. सांगत सुटले. कॅथरीनचं हीथक्लिफवर जिवापाड प्रेम. पण त्याच्याशी लग्न केलं तर आपली पायरी उतरेल, असं ती घरातल्या मोलकरणीपाशी, नेलीपाशी बोलून जाते. नेमकं तेवढंच त्याच्या कानावर पडतं आणि तो उठून चालता होतो. प्रेमाची कबुली येते ती त्यानंतर.

"म्हणजे अर्धवट ऐकून गेला?" फाइल दोन बोटं खाली आली. "आपल्या मीटिंगांत असतात असले."

"तीन वर्षांनी परत येतो. श्रीमंत होऊन."

"पैसे कुठून आणले?"

"ते कादंबरीत सांगितलेलं नाही."

फाइल टेबलावर. संसर्गबिंसर्ग काका साफ विसरले. एवढी रक्कम आणि हिशेब नाही? लेखिकेला कुणी विचारलं नाही? आता कोण विचारणार! एमिली ब्रॉन्टेने १८४७ साली एलिस बेल या टोपणनावाने ही एकच कादंबरी छापली आणि पुढच्या वर्षी, अवघ्या तिशीत, ती गेली. तो खुलासा कायमचा राहिला. खरं तर मलाही तो हवा होता, पण काकांपुढे कबूल करणार नाही.

"नायिकाही सोळाव्या प्रकरणातच मरते," मी म्हटलं.

"एकूण किती?"

"३४."

"मग उरलेली अठरा कशाला?"

कशाला! एकोणतिसाव्या प्रकरणात हीथक्लिफ सांगतो, की कॅथरीनच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी त्याने तिची शवपेटी उघडून चेहरा पाहिला. आपल्याला शेजारी पुरल्यावर मधली बाजू काढून टाकावी, म्हणून कबर खणणाऱ्याला पैसेही चारले. रात्री अडीचला हे वाचून मला बाथरूमपर्यंत जायचा धीर होईना. पाऊण तास तशीच बसून होते.

काका म्हणाले, "म्हणजे परत रोखीतच."

झालं. माझ्या अख्ख्या रात्रीचं व्हाउचर झालं.

आणि हेच काका परवा मॅच बघून जांभया देत आले, तेव्हा साहेबांनी स्वतः त्यांना स्कोअर विचारला होता. तीनपर्यंत रील्स बघत पडलेल्या पोराला कुणी हटकत नाही. पुस्तकासाठी जागलं की आधी रोग, मग परीक्षा, आणि शेवटी हळूच, "घरी सगळं ठीक ना?"

दुपारपर्यंत काकांनी मजल्यावर खुलासा केला होता: मॅडमचे डोळे आलेले नाहीत, त्यांच्या ओळखीतलं कुणीतरी वारलंय, पैशाचं प्रकरण आहे. दोघीजणी येऊन पाठीवर हात फिरवून गेल्या.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन अडलं. मग लिहिलं, 'डोळे आले आहेत.' साहेबांनी अर्ज टोकाला धरून तिथल्या तिथे मंजूर केला.