नवरा, बायको, एक खोली आणि गोळ्यांची स्ट्रिप

बेळगावात हल्ली शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना ‘मानसिक आजारानं पोखरलेला संसार’ हा विषय फार आवडायला लागलाय. कारण उघड आहे. दोन पात्रं, एक घर, खर्च कमी. बायको आरशासमोर उगाच हसते, भांडी आदळते, नवरा डोकं धरून बसतो, मागं व्हायोलिन. झाली फिल्म! याला मिनिमल म्हणतात. मी आळशी म्हणतो. माणसं आणि जागा कमी केल्या की तपशील वाढवावा लागतो, कारण प्रेक्षकाला बघायला दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 1961 चा ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ बघा. चार माणसं, एक बेट, एका दिवसाची गोष्ट, संगीत म्हणून बाखच्या चेलोचे मोजके तुकडे. नवरा डॉक्टर आहे, बायकोवर जीव आहे, तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि तिला खरा घाव बसतो तो बापाची डायरी वाचून: तिचा मनाचा आजार बरा होणारा नाही, आणि बाप तो कुतूहलानं न्याहाळतोय. किंकाळ्या नंतर येतात. आधी एक वही उघडते.

पहिलं काम म्हणजे आजार ठरवा. ‘वेडी झाली’ हा आजार नव्हे. समजा बायपोलर घेतला, म्हणजे मन कधी खोल बुडतं, कधी बेफाम उसळतं. आधी डिप्रेशन: कमीत कमी दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ, मन उदास, कशात रस नाही, झोप बिघडलेली. मग एक दिवस ती उठते, न्हाते, माळा आवरायला काढते. घरचे खूश. “बरी झाली बघ पोरगी.” रात्री दोनला डबे घासतेय, तीन तास झोपून सकाळी टवटवीत, खडेबाजारातून उधारीवर पाच साड्या. तरी नवरा म्हणतो, हुरूप आलाय, असू दे. इथं फिल्म आहे. आजार वर उसळतोय आणि नवऱ्याला वाटतंय बायको परत मिळाली. हा भाग घाईनं उरकू नका, निम्मी फिल्म इथं खर्च करा. भांडी आदळण्यापेक्षा हे कितीतरी जास्त लागतं.

आता गोळ्या. पडद्यावर नुसती ‘गोळी घेतली का?’ विचारतात. त्यापेक्षा हिशेब दाखवा. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाच्या 300 मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्या असतील तर दहाच्या नऊ स्ट्रिप महिन्याला लागतात. अकरा दिवसांत 33 संपायला हव्यात. नवरा ती भाजीला गेली असताना मोजतो, तर 24 च संपल्यात. एकही संवाद नको. ती मोजणी विश्वासघात आहे आणि काळजीही, आणि हे दोघांनाही कळतं.

पण हा शॉट घ्यायचा तर कंटिन्युइटीच्या वहीत, म्हणजे सीनमागून सीन जुळावेत म्हणून ठेवतात त्या नोंदवहीत, प्रत्येक सीनला ‘कितवा दिवस, किती गोळ्या उरल्या’ असा रकाना ठेवा. क्रम मोडून शूट करताना स्ट्रिपच पहिली गंडते. रिकाम्या, अर्ध्या, भरलेल्या अशा वेगळ्या स्ट्रिप आधीच तयार ठेवायच्या. आत साध्या गोळ्या घाला, नटीला खरं औषध चुकूनही देऊ नका.

लिथियम घेणाऱ्याचा हात बारीक थरथरतो, तहान लागते. कपबशीचा क्लोजअप आणि उशाशी पाण्याची कळशी, एवढं पुरतं. रक्तातली लिथियमची पातळी लिटरमागं साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल हवी, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका. तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी काढतात: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला सुई, आणि सकाळची गोळी त्यानंतर. आता यात नवरात्राचा कडक उपास घाला. मीठ बंद, पाणी कमी, त्यात पाय दुखतात म्हणून मेडिकलातून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. पातळी चढते, बोलणं जड, चाल झोकांडते. सासू म्हणते, बाहेरचं काहीतरी लागलंय. सासूला खलनायिका करू नका. अंगारा आणि गोळी एकाच संध्याकाळी देणारी घरं आपल्याकडं भरपूर आहेत, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेली माणसंच दुसऱ्या दिवशी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत नंबर लावतात.

धारवाडचा सीन तर फक्त आपल्याच भागात घडू शकतो. बायको चंदगडकडची, कन्नड येत नाही. डॉक्टर कन्नडमधून विचारतात, नवरा मध्ये बसून मराठीत सांगतो. डॉक्टर विचारतात, जगणं नको असं वाटतं का? नवरा तिला विचारतो, “झोप लागते का, विचारायलेत.” ती काहीतरी सांगते, तो त्यातलं निम्मं पुढं देतो. लाज, भीती, माया सगळं त्या गाळलेल्या वाक्यात. इथं सबटायटलचा निर्णय स्क्रिप्टच्या टप्प्यावरच घ्या. कन्नडला सबटायटल दिलं नाही तर कोल्हापूर-पुण्याचा प्रेक्षक बायकोच्या जागी बसतो. बेळगावचा प्रेक्षक मात्र दोन्ही ऐकतो, त्याला नवऱ्याची चोरी तिथल्या तिथं कळते. माझं मत विचाराल तर देऊ नका. कॅमेरा तिघांना एका फ्रेममध्ये धरून थांबवा. उलटसुलट क्लोजअप कापत बसलात की सीन गेला.

घर बेळगावातल्या शहापूर-वडगावला घेत असाल तर आधी कान द्या. शेजारी पॉवरलूम असेल तर ती खटखट कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही. एक तर माग बंद असताना शूट करा, नाहीतर ती खटखट कथेतच घ्या: झोप न लागणाऱ्या बाईला मागाचा आवाज म्हणजे काय, कल्पना करा. फॅन, फ्रिज बंद ठेवा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये टाका, म्हणजे जाताना तो चालू करायचा विसरणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आवाज घुमतो, फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर वाकळा टांगा. जागा सोडण्याआधी रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा, नाहीतर एडिटमध्ये प्रत्येक शांतता वेगळी ऐकू येते.

शॉक देतानाचा धडपडणारा देह दाखवणं बंद करा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे, साखळीनं बांधायलाही. आणि ‘डॉक्टरचा कागद आणला की सोडचिठ्ठी’ हा संवाद तर खोडाच. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचं कारण आहे, पण नुसतं निदान पुरत नाही, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतकी तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सुप्रीम कोर्टानं 1988 मध्येच सांगितलंय.

शेवटी तिला मारूही नका आणि एकदम बरीही करू नका. हा आजार पाळीपाळीनं येतो, मधे महिने, कधी वर्षं बरी जातात. श्रेयनामावलीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर टाका, कन्नड-मराठी दोन्हीत. आणि स्क्रिप्ट मानसोपचारतज्ज्ञाला शूटिंगच्या आधी वाचायला द्या. एडिट झाल्यावर दिलीत तर ते चूक नक्की दाखवतील, पण तोवर वडगावच्या घरमालकानं चुना मारून भाडेकरू ठेवलेला असतो.