बेचिराग गावं कागदातून गेलेली नाहीत

नाशिककडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. जुन्या दप्तरांत फक्त पाटील-कुलकर्णी-देशमुख सापडतात, बलुतेदार, आदिवासी आणि भटक्यांची नोंद कुणी ठेवलीच नाही, ओस पडलेली गावं कागदातूनही गेली आणि उरलंसुरलं सगळं मोडी लिपीत, तेव्हा आपले पूर्वज शोधत बसू नका, असं त्यात म्हटलंय. शेवटचं वाक्य मला फार लागलं. असं वाचून माणसं खरंच शोध सोडून देतात.

आधी ओस गावांचं. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. वस्ती उठली तरी गावाची हद्द आणि शिवार राहतं. शेजारगावचा माणूस तिथली जमीन कसतो, पण सातबाऱ्यावर नाव त्या जुन्या गावाचंच असतं. शिवारातल्या म्हाताऱ्यांना ‘जुनी पांढरी, म्हणजे घरांची जागा, कुठं होती?’ एवढं विचारा, ते बोट दाखवतील.

बलुतेदारांची नोंद नाही, हे तर साफ चूक. महारवतनासारखी कनिष्ठ गाववतनं, म्हणजे गावकामाबद्दल मिळालेले पिढीजात हक्क, 1958 च्या कायद्यानं रद्द झाली, त्याआधी ती कुणाकडे आहेत याची दप्तरं ठेवलेली होती. ज्यांना वतनही नव्हतं आणि जमीनही नव्हती, त्यांच्यासाठी गाव नमुना 14 आहे, म्हणजेच कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची ही नोंद सातबारा विचारत नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी हीच बुकं धुंडाळली गेली.

आदिवासी पट्ट्याचा घोटाळा वेगळा आहे. लोक नाशिकमध्ये शोधतात, मिळत नाही, आणि ‘नोंदच नव्हती’ म्हणून परततात. पण नाशिक जिल्हाच 1869 मध्ये झाला. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात होते, बाकीचा बराचसा भाग नगरकडे. पेठ संस्थान 1878 मध्ये खालसा झालं, सुरगाणा 1948 मध्ये विलीन झालं. पणजोबा सुरगाण्याचे असतील, तर इंग्रजी अमलातल्या नाशिकच्या दप्तरात त्यांना शोधून काय मिळणार?

भटक्यांबाबत मात्र मजकुरात थोडं तथ्य आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि त्यांच्या बऱ्याच नोंदी पोलिसांच्या हजेरीतल्या आहेत. ते वाचताना चीड येते. तरीही वाचावं, कारण त्यात आपल्या माणसांची नावं आहेत. ‘पंचवटीत उपाध्यायांच्या वह्या बघा’ (यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं असलेल्या) हा सल्ला सर्वांना देणं मला पटत नाही. काळारामाच्या दारात ज्यांना 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्यांनी त्या वह्यांवर किती भिस्त ठेवायची?

राहता राहिली मोडी. अख्खी लिपी एकदम शिकायला नको. कोतवाल बुकात रकाने ठरलेले असतात, तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. आधी आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत लिहायला शिका, मग पानावर तेवढंच शोधा.