इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगड होत नाही

‘समुद्रावर छोट्या विमानाचं एकुलतं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं कोसळतं. पाणी काँक्रीटसारखं लागतं. वाचला तर नशीब.’ असा मजकूर सध्या फिरतोय.

दगडाचं आधी. विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिन बंद असताना सेसना १७२ एस हे एका इंजिनाचं छोटं विमान ६८ नॉटवर (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) धरलं तर १ फूट उतरताना साधारण ९ फूट पुढे जातं. म्हणजे ८,००० फुटांवरून सुमारे २२ किलोमीटर आणि हातात दहा मिनिटं. समोरचा वारा अंतर खातो, मिनिटं खात नाही. ‘अजून थोडं पुढे’ म्हणत नाक वर ओढलं, तर मात्र स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, खरोखरच दगड.

या मिनिटांत इंजिन पुन्हा चालूही होऊ शकतं, कारण दरवेळी आत काही तुटलेलं नसतं. कधी नुसतं इंधन पोहोचत नसतं. टाकी निवडायचा खटका ‘बोथ’वर (दोन्ही टाक्या), इंधनाचा पंप चालू, मिक्स्चर रिच (हवेत इंधन जास्त), इग्निशन ‘बोथ’ (ठिणगीच्या दोन्ही यंत्रणा). जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवा-इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) इंजिनात कार्ब हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणं, सगळ्यात आधी, कारण ती एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालते आणि तो लगेच निवत जातो. बाहेर २५ अंश असतानाही दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. कोकण किनाऱ्यावरची हवा तर त्याला पोषकच. १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर ‘मेडे’ ही मदतीची हाक आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड, दोन्ही विमान उंचावर असतानाच, कारण खाली रेडिओची पोच घटते.

काँक्रीटची उपमा वेग विसरते. ५५ नॉटने टेकणारं विमान २० नॉटच्या वाऱ्यात तोंड घालून उतरलं, तर पाण्याशी वेग ३५ उरतो आणि आघाताची ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांवर येते. वारा कमी आणि लाटा लांब, मोठ्या असतील तर त्यांना समांतर उतरायचं. न मिटणारी चाकं पाण्यात अडकून विमान उलटू शकतं, हे खरं. म्हणूनच दारांच्या कड्या टेकण्याआधी उघडायच्या. दार तरीही हललं नाही तर खिडकी उघडून पाणी आत येऊ द्यायचं. दाब सारखा झाला की दार सुटतं.

लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. २३ नोव्हेंबर १९९६ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं फ्लाइट ९६१ इंधन संपून हिंदी महासागरातल्या कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा कित्येकांनी ते आतच फुगवलं, आणि पाणी भरल्यावर ते छताला अडकून बुडाले.

राहता राहिलं नशीब. २५ जानेवारी २०१५ला कॅलिफोर्नियाहून हवाईच्या माऊई बेटाकडे निघालेल्या सिरस एसआर२२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाच्या जादा टाकीतलं इंधन मुख्य टाक्यांत येईना. वैमानिकाने तटरक्षक दलाला काही तास आधीच कळवलं, क्रूझ जहाज ‘व्हीनडॅम’जवळ विमान आणलं आणि अख्खं विमान खाली उतरवणारं त्याचं पॅराशूट उघडलं. पाण्यावर उतरताच तो तराफ्यात गेला. जहाजाने त्याला उचलून घेतलं.